धारेच्या अलीकडचं घर

घर वाढतं आहे, हे चारूबाईंना पहिल्यांदा फळ्यामुळे कळलं.

बालवाडीची मुलं आतल्या भिंतीला पाठ लावून सतरंजीवर बसायची आणि समोर, खाडीच्या बाजूच्या भिंतीवर फळा होता. पहिल्या वर्षी मुलांपासून फळ्यापर्यंत चार पावलं होती. पुढच्या वर्षी ती पाच झाली. बाईंना वाटलं, आपलीच पावलं लहान पडत असतील. त्याच्या पुढच्या वर्षी एक चिमुरडी उभी राहून म्हणाली, "बाई, फळा लांब गेला." लहान मुलं थापा मारतात, नाही असं नाही, पण फळ्याबद्दल कशाला मारतील? बाईंनी दोरी आणून खोली मोजली. मागल्या दिवाळीला सतरंजीसाठी मोजली होती त्याहून ती हातभर लांब भरली. भिंतीला कुठे तडा नव्हता, जमिनीला भेग नव्हती. जणू घराने झोपेत जरासा पाय पसरला होता.

हे घर जिवंत चिऱ्यांचं होतं. साधा चिरा म्हणजे खाणीतून कापून काढलेला जांभा दगड. त्याच्यात भोकंच भोकं असतात, हे कोकणातल्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतं. काही संशोधकांनी या भोकांमध्ये दोन जातींचे सूक्ष्मजीव वसवले. एक जात हिरवट निळी. ती बाहेरच्या अंगाला उन्हात राहते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि खाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम घेते आणि दोहोंची चुनखडी बनवते. शिंपला आपलं कवच असंच करतो. दुसरी जात आतल्या अंगाला राहते. ती जुनी चुनखडी हळूहळू विरघळवते आणि बाहेरच्या जातीकडे पाठवते.

हे विचित्र वाटत असेल, तर आपल्या मांडीचं हाड आठवावं. त्यातही काही पेशी बांधणाऱ्या असतात आणि काही पोखरणाऱ्या. हाड बाहेरून चढतं आणि आतून झिजतं, म्हणून बाळाचं बोटाएवढं हाड पुढे मोठ्या माणसाचं होतं आणि आतली पोकळीही त्याच्याबरोबर वाढते. चारूबाईंची भिंत तशीच वाढत होती. बाहेरून चढायची, आतून झिजायची आणि सगळी मिळून खाडीकडे चालायची.

संशोधकांना एवढं काही नको होतं. खाऱ्या वाऱ्याने पडलेल्या भेगा भिंतीने आपल्या आपण बुजवाव्यात, इतकीच त्यांची अपेक्षा. बहुतेक घरांत तेवढंच झालं. पण कुठल्याही प्रयोगशाळेत भिंतीसमोर बावीस मुलं बसवून कोणी पाहिलं नव्हतं.

छप्पर मात्र वाढत नसे. म्हणून दर वैशाखात बाई कौलांची एक ओळ पुढे वाढवून घ्यायच्या. बारा वर्षांत बारा ओळी झाल्या.

घराचे मालक होते दाजी खवणेकर. घर हर्डी शहराच्या काठाला होतं आणि दाजी राहायचे बरोबर समोर, खाडीपल्याड, कुडवे गावात आपल्या माडांमध्ये. चिरे निघाले तेव्हा त्यांनी हौसेने हे घर बांधलं आणि चारुलता कुबल या नव्या शिक्षिकेला भाड्याने दिलं. मागच्या दोन खोल्यांत बाई राहायच्या, पुढच्या खोलीत बालवाडी भरायची. दर शनिवारी दाजी स्वतःची होडी वल्हवत यायचे, मुलांना शहाळी फोडून द्यायचे आणि भिंतीवर हात ठेवून विचारायचे, "काय गो बाय, खाल्लान काय आज हिनं?" गाईची चौकशी करावी तशी.

शिमगा झाला आणि दाजी यायचे थांबले. एक शनिवार गेला, दुसरा गेला. मग एके दिवशी त्यांच्याऐवजी कोर्टाचं समन्स आलं.

दावा एवढाच होता की, खाडीकडची खोली रिकामी करून मिळावी. मागच्या दोन खोल्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. आणि दावा हर्डीच्या कोर्टात नव्हता, खाडीपलीकडच्या सातवण तालुक्याच्या कोर्टात होता.

असं का, ते समजून घ्यायला हवं. घराचा वाद कुठल्या कोर्टात चालायचा, हे भांडणारे कुठे राहतात यावर ठरत नाही, घर कुठे आहे यावर ठरतं. हर्डी हे शहर. तिथे भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा लागू होता. मालकाला आपली गरज कोर्टात सिद्ध करावी लागे आणि त्यात वर्षं जात. कुडवे हे खेडं. तिथे तो कायदा नव्हता. पंधरा दिवसांची नोटीस दिली की भाडेकरूने सामान उचलायचं. हर्डी तालुका आणि सातवण तालुका यांच्यामध्ये खाडी होती. म्हणजे त्या एका खोलीचं, आणि तिच्यातल्या बावीस मुलांचं, काय होणार हे ती खोली हद्दीच्या कुठल्या बाजूला आहे यावर अवलंबून होतं. हर्डीत दुसरी बालवाडी नव्हती आणि एवढी मोठी जागा बाईंना कोणी देणार नव्हतं.

सातवणच्या न्यायाधीश होत्या नाझनीन मुकादम. त्यांच्या कोर्टात बोललेला शब्द समोरच्या पडद्यावर आपोआप उमटायचा, त्यामुळे सगळे जपून बोलायचे. दाजी मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. त्यांनी बाईंकडे एकदाही पाहिलं नाही.

"प्रतिवादींचे वकील?"

"मीच बोलेन, मॅडम," चारूबाई म्हणाल्या.

दाजींचे वकील राणे उभे राहिले. "मॅडम, सरकारी नकाशावर हद्दीची रेघ आहे. वादातली खोली वाढत वाढत त्या रेघेच्या चार हात पलीकडे आली आहे. म्हणजे ती आता कुडव्यात आहे. दावा इथेच चालला पाहिजे आणि इथलाच कायदा लागला पाहिजे."

"ही वाढीव खोली बांधली कोणी?"

"भिंतीनं."

"भाडेकरूनं मालकाला न विचारता बांधकाम केलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"बांधकाम नाही म्हणत मी, मॅडम. श्वासोच्छ्वास केला."

कोर्टात हशा पिकला. तोसुद्धा पडद्यावर उमटला आणि मुकादम मॅडमनी तो खोडायला सांगितला. मग त्या बाईंकडे वळल्या. "श्वासानं भिंत वाढते, हे मला कोणी नीट सांगेल का?"

बाई याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. त्यांनी पिशवीतून बाटली काढून एक पेला भरला. रात्रभर पाण्यात पानाचा चुना निवळत ठेवून वरचं स्वच्छ पाणी त्यांनी गाळून आणलं होतं. दुसऱ्या हातात पपईच्या पानाचा देठ होता, दोन्ही टोकांना कापलेला, नळीसारखा पोकळ.

"मॅडम, या देठातून पाण्यात हळूहळू फुंका. वर ओढू नका, चुना आहे."

राणे हरकत घ्यायला उठले, पण हरकत नेमकी कशाला घ्यायची हे न सुचून बसले. मुकादम मॅडमनी देठ ओठांना लावला आणि फुंकर घातली. बुडबुडे आले. आरशासारखं पाणी आधी धुरकट झालं, मग पेजेसारखं पांढरं.

"ही चुनखडी," बाई म्हणाल्या. "चुना माझा, पण तिच्यातला कार्बन आत्ता तुमच्या छातीतून आला. आमची भिंत रोज चार तास हेच करते. खाडीचं पाणी तिला खालून मिळतं आणि श्वास आतून. मुलं जेवढं गातात, ओरडतात, हसतात, त्यातला थोडा भाग दगड होऊन बसतो. मे महिन्याच्या सुट्टीत ती जवळजवळ थांबते. भिंतीचा काप काढला तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं नाही, पण थर दिसतात. सुट्टीचा थर दोऱ्याएवढा बारीक."

मुकादम मॅडमनी पेला उजेडात धरून पाहिला. मग म्हणाल्या, "मला हा दावा ऐकायचा अधिकार आहे की नाही, हे आधी मलाच ठरवायचं आहे. कायद्यानं तेवढा अधिकार प्रत्येक कोर्टाला दिलेला असतो. पण नकाशा बघून मी ते ठरवणार नाही. अमावास्येच्या ओहोटीला जागेवर मोजणी होईल आणि मी स्वतः येईन."

अमावास्येला सकाळी खाडी इतकी ओसरली की कधी न दिसणारे, कालवांच्या शिंपल्यांनी मढलेले खडक उघडे पडले. मोजणीला आलेले भूकरमापक पडवळ उपग्रहाशी बोलणारी काठी चिखलात रोवून उभे होते. काठीने क्षणात आकडा दिला. खोलीची बाहेरची भिंत नकाशातल्या रेघेच्या चार हात दोन बोटं पलीकडे होती.

"मी काय म्हणत होतो!" राणे वकील काठावरून ओरडले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, पण चिखलात उतरायला ते तयार नव्हते.

 मुकादम मॅडमनी मात्र विचारलं, "पडवळ, नकाशातली ही रेघ आली कुठून?"

"जुन्या हद्दपत्रकातून, मॅडम."

"त्यातले शब्द वाचा."

पडवळांनी हातातल्या संगणकी पाटीवर ते पत्रक शोधलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि कान खाजवला. "हर्डी व कुडवे यांची हद्द म्हणजे खाडीची ओहोटीची धार, असं आहे. रेघ असं नाही. त्या वर्षी धार जिथे होती, तिथे कोणीतरी रेघ मारली आणि पुढे सगळे रेघेवरूनच मोजत राहिले. आम्हीसुद्धा. पाण्यात कोण मोजायला जातो, मॅडम? साठ-सत्तर वर्षं चूक आमचीच."

"मग आज जाऊ या."

होडी तिथे एकच होती, दाजींची. मुकादम मॅडम, पडवळ आणि बाई तिच्यात बसले. दाजी वल्ही मारू लागले. ओहोटीला खाडीतलं पाणी एका खोल वाटेने समुद्राकडे पळतं, तिला धार म्हणतात. वरून ती ओळखू येत नाही. पडवळांनी होडीत पडलेली नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, उचलून एकामागून एक पाण्यात टाकली. थोडा वेळ ती रेंगाळली. मग कोणी हाक मारल्यासारखी ती एका रांगेत आली आणि घरापासून दूर, मोठं वळण घेऊन निघाली. पडवळांनी काठी धरली. भिंतीपासून धारेचं अंतर एकवीस हात.

"म्हणजे खोली धारेच्या अलीकडेच आहे," मुकादम मॅडम म्हणाल्या.

 पडवळांनी पाटीवर मागच्या बारा वर्षांची उपग्रहाची चित्रं काढली होती आणि एकेक मोजत होते. हळूहळू त्यांचा आवाज खाली गेला.

"मागल्या वर्षी एकवीस हात. त्याच्या मागल्या वर्षी एकवीस. मॅडम, घर बांधलं त्या वर्षीसुद्धा एकवीसच. घर साडेपाच मीटर पुढे आलं... म्हणजे आपले बारा हात. बारा हात पुढे आलं आणि धारही बारा हात सरकली."

"असं कसं होईल?"

"होतं," बाई हळूच म्हणाल्या. हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. "भिंतीच्या पायाशी पाणी मंदावतं. मंदावलेलं पाणी गाळ खाली टाकतं. गाळावर कालवं धरतात. तिथे उथळ झालं की धार खोल जागा शोधत पलीकडे जाते. वर्षाला हातभर भिंत, वर्षाला हातभर धार."

"म्हणजे हे घर हद्द कधीच ओलांडू शकणार नाही?"

"नाही, मॅडम. हद्दच पुढे पुढे पळते."

 होडी नुसती डुलत होती. उघड्या पडलेल्या कालवांच्या पायऱ्यांवर घराची पांढुरकी भिंत उन्हात ओली चमकत होती. शहरं वसली, राज्यं बदलली, पण ही हद्द माणसाने ठरवून कधी सरकवली नव्हती. ती बावीस मुलांनी सरकवली होती, बडबडगीतं म्हणत म्हणत. मुकादम मॅडमनी नकळत पदर सावरला, देवळात शिरताना सावरतात तसा.

आदेश त्यांनी होडीतच सांगितला आणि पाटीवर उमटू दिला. वादातली जागा हर्डी तालुक्यात आहे. या कोर्टाला दावा ऐकण्याचा अधिकार नाही. दावा परत करण्यात येतो. वादीने हवं तर तो हर्डीच्या कोर्टात दाखल करावा.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खोली वाचली होती. होडी हर्डीच्या काठाला लागली, मुकादम मॅडम आणि पडवळ उतरले, राणे वकील आपल्या बुटांचं काय करावं या विवंचनेत होते. बाईही उतरणार, इतक्यात त्यांच्या मनात आलं, धार बारा हात सरकली. कुठे सरकली?

त्यांनी मान वळवून पलीकडच्या काठाकडे पाहिलं. मग पुन्हा फळीवर बसल्या.

"दाजीनू, मला तुमच्याकडे न्या."

दाजींनी वल्ही तशीच धरून ठेवली. मग होडी वळवली.

कुडव्याचा काठ जवळून बघायला बाई कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. जिथे वाळूचा उतार होता, तिथे आता उभा कडा होता. चार माड आडवे पडले होते. पाचव्याची मुळं हवेत लोंबत होती. कड्यापासून पंधरा-वीस पावलांवर गावाची विहीर होती. साऱ्या गावाला गोडं पाणी पुरवणारी तीच एक.

"विहिरीला खारं लागलं?"

"अजून नाय. दोन वर्सां, फार तर तीन."

"मला सांगितलं का नाही, दाजीनू? शिमग्यापासून तोंड नाही दाखवलंत. मी म्हटलं, माझंच काही चुकलं."

दाजी पडलेल्या माडावर बसले. "काय सांगू? गावाक कळला असता, तर पहारी घेऊन इले असते आणि घर फोडून टाकला असता. माझ्या हातान बांधलेला घर ता. आणि तुका सांगलंय असतंय, तर तू पोरांका घेऊन खय गेली असतीस? म्हटलंय, कोर्टान काढल्यान तर माका दोष नाय, तुका दोष नाय. पोरां थय बसली नाय तर भिंत थांबतली." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "वकिलाक पण खरां कारण सांगलंय नाय."

"म्हणून फक्त तीच खोली मागितलीत."

"तुझ्या रांधपाची खोली घेऊन मी काय करू?"

बाईंना हसू आलं आणि लगेच गेलं. जिंकलेली खोली आता त्यांना डोळ्यांसमोर वेगळीच दिसत होती. उद्या सकाळी मुलं येणार, गाणी म्हणणार आणि प्रत्येक गाण्याला ही विहीर केसभर खाडीच्या जवळ जाणार. कोणाचा अपराध नाही, कुठल्याही कोर्टात कोणी दोषी ठरणार नाही. आणि तरीही.

"बंद केली बालवाडी, तर भिंत थांबेल," त्या विचार करत म्हणाल्या. "पण धार आहे तिथेच राहील. ती आपण होऊन मागे जाणार नाही. काठ खातच राहील. तिला इकडून ढकलायला हवी."

"कोण ढकलतला तिका?"

"बावीस जण आहेत माझ्याकडे."

दाजींना कळायला जरा वेळ लागला. मग ते उठून उभे राहिले. कड्याच्या टोकापर्यंत गेले, खाली पाहिलं आणि तसेच पाठमोरे म्हणाले, "नऊ माझ्या गावात पण आसत. सगळी नाकात बोटां घालून हिंडतत."

"एकतीस झाले."

"किती वर्सां लागतली?"

"दहा-बारा. पहिली दोन वर्षं तर काही दिसणारच नाही. कडा धरून राहिला तरी पुष्कळ."

गावाला मात्र सगळं खरं सांगावं लागलं. आरडाओरडा झाला. एक तरुण खरोखरच पहार घेऊन हर्डीच्या काठावर आला. बाईंनी त्याला अडवलं नाही. फळ्यामागची भिंत दाखवून म्हणाल्या, "इथून काढ. पण चिरा फुटता कामा नये. जिवंत आहे." त्याने भिंतीवर पहार लावली, मग थांबला आणि आधी तळवा टेकवून पाहिला. भिंत कोमट होती. त्या दिवशी त्याने आणि आणखी तिघांनी मिळून एक्केचाळीस चिरे अलगद सोडवले. ते ओल्या गोणपाटात गुंडाळून होडीतून पलीकडे गेले. ज्या खोलीसाठी बाई कोर्टात उभ्या राहिल्या होत्या, तिला आता तीनच भिंती होत्या आणि चौथ्या बाजूला पत्रा.

दाजींनी हर्डीच्या कोर्टात दावा दाखल केला नाही. पडवळांचा मात्र एकदा फोन आला. ते काळजीच्या सुरात म्हणाले, "बाई, एक लक्षात येतंय का? धार खरंच मागे येत राहिली, तर पुढेमागे तुमचं राहतं घर पलीकडच्या हद्दीत जाईल. पंधरा दिवसांची नोटीस लागू होईल हं."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या. "तिथल्या मॅडम ऐकून घेतात. आणि मालक रोज भेटतात."

जूनच्या दुसऱ्या सोमवारी कुडव्याच्या काठावर, झावळ्यांच्या मांडवात बालवाडी सुरू झाली. हर्डीची बावीस मुलं होडीच्या दोन खेपांत आली. कुडव्याची नऊ आधीच पुढच्या जागा अडवून बसली होती. समोर भिंत अशी नव्हतीच. कड्याच्या पायापासून वर आलेल्या, कमरेएवढ्या ओल्या चिऱ्यांच्या तीन ओळी होत्या आणि त्यांच्यापलीकडे धारेचं पाणी घुमत होतं. मुलं त्या पाण्याकडे बघून दबली होती. बाईंनी "बे एके बे" म्हटलं, तर मागून नुसती कुजबुज आली.

दाजी मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांच्याने राहवेना.

"ह्या काय? जेवूक नाय काय कोणी? मोठ्यान म्हणा! ती बघा, भिंत उपाशी आसा!"

मुलांनी वळून चिऱ्यांकडे पाहिलं. मग एका कुडवेकराने छाती फुगवली आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "बे दुणे चार!" त्याच्यापेक्षा मोठ्याने हर्डीची एक मुलगी ओरडली. मग सगळेच. आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला आणि तिथले बगळे उडाले.

दाजी खाली वाकले, गुडघ्यावर हात टेकत टेकत मागच्या रांगेत सतरंजीवर बसले आणि पहिल्यापासून म्हणू लागले.